स्वातंत्र्यदिन : घरचा आणि गावचा

भारतातील बहुतेक सण पंचांग पाहून ठरतात. त्यांची तिथी पुढेमागे सरकते, प्रत्येकाची एखादी कथा असते, पूजेचा विधी ठरलेला असतो आणि त्या दिवशी कोणता पदार्थ शिजवावयाचा हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला कोणी सांगावे लागत नाही. १५ ऑगस्ट या दिवसाला यांपैकी काहीच लाभलेले नव्हते. तो सौर दिनदर्शिकेतून आलेला, सर्व धर्मांचा आणि म्हणून कोणत्याही एका धर्माच्या विधीत न बसणारा असा नवा दिवस होता. शिवाय तो ऐन पावसाळ्यात येतो. मांडव घालावा, मिरवणूक काढावी तर आभाळाची खात्री नसते. असा हा दिवस कोट्यवधी घरांनी आपलासा कसा केला, हा सामाजिक इतिहासाचा एक मनोवेधक विषय आहे. ध्वजवंदनाच्या सरकारी सोहळ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे मुख्यतः घर, गल्ली, गाव आणि तेथील माणसे यांचा विचार करावयाचा आहे.

वस्तुतः ‘स्वातंत्र्यदिन’ हा शब्द १५ ऑगस्टपेक्षा सतरा वर्षांनी जुना आहे. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने संपूर्ण स्वराज्य हे आपले ध्येय असल्याचे घोषित केले आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावी नदीच्या काठी जवाहरलाल नेहरूंनी तिरंगा उभारला. त्यानंतर २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळावा असे ठरले. तो रविवार होता. हा दिवस कसा पाळावा याविषयी गांधीजींनी केलेल्या सूचना आज वाचल्या म्हणजे थोडे आश्चर्य वाटते. त्यांत भाषणांना जवळजवळ स्थानच नव्हते. गावोगाव पूर्वीच्या रीतीप्रमाणे दवंडी पिटवून सभेची वेळ कळवावी, शक्य तर सर्वत्र एकाच वेळी लोकांनी जमावे, प्रतिज्ञा वाचावी, ती मान्य असलेल्यांनी हात वर करावेत आणि शांतपणे घरी जावे, एवढाच सभेचा भाग होता. उरलेला दिवस सूत कातणे, अस्पृश्यतानिवारण, हिंदु-मुसलमानांचे ऐक्य, दारूबंदी अशा एखाद्या विधायक कामात घालवावयाचा होता. म्हणजे ज्या दिवशी स्वातंत्र्य मिळालेलेच नव्हते, त्या दिवसाचा उत्सव म्हणून लोकांनी काम करावयाचे होते. पुढे १९४७ पर्यंत दर वर्षी २६ जानेवारीला ही प्रतिज्ञा घेतली जात असे. तुरुंगात असलेले सत्याग्रही ती तेथेच घेत. स्वातंत्र्य प्रत्यक्षात आले ते दुसऱ्याच तारखेला. तेव्हा जुन्या दिवसाचा मान राहावा म्हणून राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आणण्यात आली, हे सर्वांना ठाऊक आहेच.

घराच्या दारावर वा छपरावर तिरंगा लावणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. १९२३ साली प्रथम जबलपुरात आणि नंतर नागपुरात जो झेंडा सत्याग्रह झाला, त्याचे कारण एवढेच होते की हातात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधील रस्त्याने जाण्यास लोकांना मनाई होती. नागपूरच्या सत्याग्रहाचे नेतृत्व जमनालाल बजाज यांच्याकडे होते. त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी ते हाती घेतले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून तुकड्या येत, झेंडा घेऊन निघत आणि तुरुंगात जात. ऑगस्टमध्ये हा लढा मिटला. ज्या पिढीने झेंड्यासाठी शिक्षा भोगल्या, तिने १९४७ साली तो झेंडा स्वतःच्या दारावर लावला तेव्हा तिच्या मनात काय असेल, याची कल्पना नंतरच्या पिढ्यांना सहज येणार नाही.

१५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता. पंचांगाप्रमाणे तो कृष्ण चतुर्दशीचा, अमावास्येच्या तोंडावरचा दिवस असल्यामुळे ज्योतिष्यांनी नापसंती दर्शविली आणि म्हणून मध्यरात्रीचा मुहूर्त धरण्यात आला, असे सांगितले जाते. १४ ऑगस्टच्या रात्री अकरा वाजता संविधान सभेची बैठक सुरू झाली. बारा वाजल्यानंतर सभासदांनी प्रतिज्ञा घेतली आणि हंसा मेहता यांनी भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभेला अर्पण केला. या शेवटच्या प्रसंगाचा उल्लेख अनेक पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो. पण परदेशी कापडाच्या होळ्या, प्रभातफेऱ्या, दारूच्या दुकानांपुढील निरोधन ही कामे ज्यांनी घरसंसार सांभाळून केली, त्यांचा ध्वजावरील हक्क त्या रात्री मान्य करण्यात आला, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी दिल्लीत इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कमध्ये ध्वजारोहण व्हावयाचे होते. तेथे इतके लोक लोटले की आखलेला कार्यक्रम पार कोलमडला. खुर्च्यांच्या रांगा आणि पाहुण्यांच्या जागा गर्दीत नाहीशा झाल्या, लॉर्ड माउंटबॅटन यांना बग्गीतून खाली उतरताही येईना. त्यांनी बग्गीतूनच ध्वजाला सलामी दिली. लाल किल्ल्यावर नेहरूंनी ध्वज उभारला तो दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला. तो १५ ऑगस्टलाच उभारला गेला असा समज आजही सर्वत्र आढळतो, याचे कारण नंतरच्या वर्षांतील प्रघात हे होय.

ध्वजाचे आजचे रूप त्या वेळी अवघे चोवीस दिवसांचे होते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र स्वीकारले होते. एवढ्या अवधीत नवे ध्वज घरोघर पोहोचणे अर्थातच शक्य नव्हते. कापडावर नियंत्रण होते. त्यामुळे ज्यांच्या पेटीत जुना चरख्याचा झेंडा होता त्यांनी तो बाहेर काढला. चरखा गेल्याचे दुःख खुद्द गांधीजींनाही झाले होते आणि ते त्यांनी ‘हरिजन’मधून उघडपणे बोलून दाखविले होते. त्या दिवशी ते दिल्लीत नव्हतेच. कलकत्त्याच्या बेलियाघाटा भागातील हैदरी मंझिल या पडक्या घरात ते राहत होते. त्यांनी तो दिवस उपवास, सूतकताई आणि प्रार्थनेत घालविला. १५ ऑगस्ट हा महादेवभाई देसाई यांचा स्मृतिदिनही होता. १९४२ साली याच तारखेला आगाखान पॅलेसमधील बंदिवासात महादेवभाईंचे निधन झाले होते आणि तेव्हापासून गांधीजी तो दिवस उपवासाने पाळीत असत. एक वर्षापूर्वी ज्या शहरात भीषण दंगल झाली होती, तेथे त्या दिवशी हिंदू आणि मुसलमान एकमेकांच्या वस्तीत मोकळेपणाने जाऊ लागले. हा सलोखा महिनाअखेर पुन्हा ढळला आणि १ सप्टेंबरला गांधीजींना आमरण उपोषण आरंभावे लागले. तरीही त्या एका दिवसाची आठवण कलकत्त्याच्या लोकांनी जपली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज ज्याला भारत म्हणतात त्या सर्व भूमीवर १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा चढला नाही. शालेय पुस्तकांतून ही बाब पुरेशी ठसविली जात नाही. बंगाल आणि पंजाब यांची सीमा आखणारा रॅडक्लिफ यांचा निवाडा तयार झालेला असूनही तो १७ ऑगस्टपर्यंत प्रसिद्ध करण्यात आला नाही. त्यामुळे सीमेवरील काही जिल्ह्यांतील लोकांना आपण कोणत्या देशात आहोत हेच स्वातंत्र्याच्या दिवशी नक्की माहीत नव्हते. मुस्लिम बहुसंख्येच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात आणि नदिया जिल्ह्यात पाकिस्तानचा ध्वज लागला, तर हिंदू बहुसंख्येच्या खुलना जिल्ह्यात तिरंगा. निवाडा प्रसिद्ध झाला तेव्हा मुर्शिदाबाद आणि नदियाचा मोठा भाग भारतात आला आणि खुलना पाकिस्तानात गेला. तीन दिवस वर असलेले ध्वज उतरले आणि दुसरे चढले. नदिया जिल्ह्यातील शिवनिवास आणि आसपासच्या गावांत आजही १८ ऑगस्टला ध्वजारोहण होते. ते १५ ऑगस्टच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीने होते. ज्या घरांनी त्या तीन दिवसांत बोचकी बांधून ठेवली होती, त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्याची तारीख दिल्लीच्या कागदपत्रांतून ठरत नाही.

हैदराबाद संस्थानात, म्हणजे मराठवाड्यातही, परिस्थिती निराळी होती. निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले होते आणि तिरंगा उभारणे हा तेथे गुन्हा मानला जात होता. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्टलाच अटक झाली. त्यानंतरचे तेरा महिने रझाकारांच्या दहशतीचे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची शरणागती झाली आणि म्हणून औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांत तो दिवस मुक्तीचा म्हणून साजरा होऊ लागला. या प्रदेशातील मुले सुमारे एका महिन्याच्या अंतराने दोनदा पांढरा सदरा घालून ध्वजवंदनाला जातात. जुनागढचा असाच दिवस ९ नोव्हेंबर १९४७ हा आहे.

परकीय वसाहतींना अधिक काळ थांबावे लागले. पाँडिचेरीचा कारभार फ्रेंचांनी १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे सोपविला. कायद्याने हस्तांतर पूर्ण झाले ते १६ ऑगस्ट १९६२ रोजी, त्यामुळे तेथे ऑगस्टमध्ये लागोपाठ दोन दिवस ध्वजवंदन घडते. गोव्याची कथा अधिक रक्तरंजित आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या अनेक प्रांतांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही हाती तिरंगा घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले असता पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. देशात इतरत्र त्या दिवशी शाळांतून खाऊ वाटला जात होता. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. गोव्यातील जुन्या कुटुंबांत म्हणूनच डिसेंबरचा दिवस हा घरचा आणि ऑगस्टचा दिवस हा देशाचा, अशी एक न बोललेली वाटणी दिसते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत या दिवसाचे घरगुती स्वरूप हळूहळू घडत गेले. त्यात शाळेचा वाटा सर्वांत मोठा आहे. पहाटे इस्तरी केलेला गणवेश, पावसाने चिखल झालेले पटांगण, सव्वासातची हजेरी, राष्ट्रगीत, एखादे लांबलेले भाषण आणि शेवटी हातात पडणारा खाऊ, हे चित्र काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत फारसे बदलत नाही. खाऊ मात्र बदलतो. उत्तरेत बुंदीचा लाडू, महाराष्ट्रात व गुजरातेत जिलेबी, तामिळनाडूत चॉकलेट-गोळ्या. महाराष्ट्रातील अनेक शहरांत १५ ऑगस्टच्या सकाळी मिठाईच्या दुकानांबाहेर कढया मांडलेल्या असतात आणि ध्वजवंदनाहून परतणारा गृहस्थ पावशेर जिलेबी बांधून घेतल्याशिवाय घरी जात नाही. हे कोणी ठरविले, केव्हापासून सुरू झाले, याचा शोध घेणे व्यर्थ आहे. ज्या दिवसाला नैवेद्य नव्हता त्याला लोकांनी तो दिला, इतकेच.

जुन्या दिल्लीत हाच दिवस पतंगांचा आहे. लाल किल्ल्यावरील भाषण संपते न संपते तोच आसपासच्या मोहल्ल्यांतील गच्च्या माणसांनी भरून जातात. गुजरातेत पतंग मकरसंक्रांतीला उडतात, दिल्लीत ऑगस्टमध्ये. दमट वारा, मधूनच येणारी सर, आणि तरीही आभाळात रंगांची दाटी. अलीकडे मांजाला काचेची पूड वा कृत्रिम धागा वापरल्यामुळे पक्षी आणि दुचाकीस्वार जखमी होतात. दिल्ली सरकारने अशा मांजावर २०१७ साली बंदी घातली, परंतु तो सर्वस्वी नाहीसा झालेला नाही. बंगालमध्ये पाड्यातील तरुणांचा क्लब आपल्या दारापुढे ध्वज उभारतो आणि मग बहुधा रक्तदान किंवा फुटबॉलचा सामना होतो. मुंबईच्या चाळींत व गृहनिर्माण संस्थांत ध्वजारोहणाचा मान सर्वांत वृद्ध रहिवाशाला देण्याची चांगली रीत पुष्कळ ठिकाणी आहे.

घरावर ध्वज लावण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला पूर्णपणे मिळाला तो मात्र फार उशिरा. ज्या देशात झेंड्यासाठी सत्याग्रह झाला, तेथे स्वातंत्र्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ नागरिकाने वर्षातील काही ठराविक दिवशीच ध्वज लावावा असा नियम होता. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन त्यांत अर्थातच होते. एरवी ध्वज हा सरकारी इमारतींचा. एका उद्योजकाने आपल्या कारखान्यावर तो रोज लावण्याचा आग्रह धरला आणि प्रकरण न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ साली त्याच्या बाजूने निकाल दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकाविणे हा घटनेच्या १९ व्या कलमाखालील अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. जुलै २०२२ पर्यंत तो उघड्यावर सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ ठेवता येत असे. त्यानंतर घरावर तो रात्रीही ठेवण्यास मुभा देण्यात आली.

घरी ध्वज लावू इच्छिणाऱ्याने काही गोष्टी जाणून घेतल्या पाहिजेत. ध्वजाची लांबी व रुंदी ३:२ या प्रमाणात असते. केशरी पट्टा वर यावा. आडवा लावला तर हा नियम सोपा आहे. भिंतीवर उभा लावावयाचा झाल्यास पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी पट्टा असावा, आणि नेमकी येथेच बहुतेकांची चूक होते. चक्राला चोवीस आरे असतात. मुलांनी काढलेल्या चित्रांत ते सोळा असोत वा तीस, त्याचा बाऊ करू नये. विकत घेतलेल्या ध्वजात मात्र पाहून घ्यावे. ध्वज जमिनीला किंवा पाण्याला टेकू नये, त्यावर काही लिहू नये, फाटका वा विटलेला लावू नये. जीर्ण झालेला ध्वज कचऱ्यात न टाकता खाजगी रीतीने, शक्य तर जाळून, नष्ट करावा असे संहिता सांगते. कागदी ध्वजांनाही हेच लागू आहे. १६ ऑगस्टच्या सकाळी रस्त्यात भिजून पडलेले शेकडो चिमुकले तिरंगे गोळा करीत हिंडणारे शिक्षक आणि विद्यार्थी अनेक शहरांत दिसतात. आदल्या दिवशीच्या कोणत्याही भाषणापेक्षा हे काम गांधीजींच्या १९३० च्या सूचनांना अधिक जवळचे आहे.

ध्वज कोठून येतो, हेही पाहण्यासारखे आहे. भारतीय मानक संस्थेने काढलेले पहिलेच मानक, क्रमांक एक, १९५१ साली राष्ट्रध्वजासाठी ठरविले गेले. सुताची जाडी, रंगाचा पक्केपणा, शिवण, दोरी या सर्वांची त्यात मापे आहेत. हुबळीजवळील बेंगेरी येथील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत असे ध्वज तयार होतात. नऊ ठराविक आकारांतील सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटरचा आणि मेजावर ठेवावयाचा सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटरचा. बेंगेरीत काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. तीन रंगांच्या पट्ट्या कापणे, दोन्ही बाजूंना एकमेकांवर तंतोतंत बसेल असे चक्र छापणे, शिवणे आणि वरखाली दोरी ओवणे ही कामे त्या करतात. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. २०२२ च्या ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत स्वस्त ध्वज गरिबाच्या घरापर्यंत पोहोचला हे खरे, परंतु हातमागावर जगणाऱ्या केंद्रांना त्याची झळ लागली हेही तितकेच खरे.

आता गावाकडे वळू. १५ ऑगस्ट हा तामिळनाडूत ग्रामसभेच्या ठरलेल्या दिवसांपैकी एक आहे. २६ जानेवारी, १ मे आणि २ ऑक्टोबर हेही असेच दिवस होत, आणि महाराष्ट्रातही हे दिवस रूढ आहेत. ध्वजारोहण आटोपल्यावर त्याच आवारात गावकरी बसतात आणि पाणी, रस्ता, घरकुलांची यादी यांवर प्रश्न विचारतात. ग्रामसभा अनेकदा केवळ सह्यांपुरती उरते, हे जाणकार मान्य करतील. तरीही ज्या गावात एखादी स्त्री उठून नळाला पाणी का येत नाही असे विचारते, तेथे त्या दिवसाचे नाव सार्थ होते.

आणि ध्वज कोणी उभारावयाचा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. १९७४ पूर्वी राज्यांच्या राजधान्यांत स्वातंत्र्यदिनीही राज्यपालच ध्वज उभारीत. तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री मु. करुणानिधी यांनी तो मान लोकनियुक्त मुख्यमंत्र्यांकडे असावा अशी मागणी केली आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून ती मान्य झाली. गावात हा मान सरपंचाचा, तामिळनाडूत पंचायतीच्या अध्यक्षाचा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून या पदांवर अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रिया यांच्यासाठी जागा राखल्या गेल्या. निवडून येणे कायद्याने साधले. ध्वजाच्या दोरीपर्यंत हात पोहोचणे मात्र प्रत्येक गावी साधले नाही. २०२० साली तामिळनाडूच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीत १५ ऑगस्टला तेथील दलित स्त्री-अध्यक्षांना ध्वज उभारू दिला गेला नाही. ही बातमी वृत्तपत्रांत आली. २० ऑगस्टला जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक गावात आले आणि त्यांच्या उपस्थितीत त्या अध्यक्षांनी पंचायत कार्यालयापुढे ध्वज उभारला. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, राज्याच्या मुख्य सचिवांनी सर्व जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले की स्वातंत्र्यदिनी कोणत्याही पंचायत अध्यक्षाला जातीच्या कारणाने ध्वजारोहणापासून अडविले जाणार नाही याची खबरदारी घ्यावी, आणि गरज भासेल तेथे बंदोबस्त ठेवावा.